फोड, वांग आणि घरपोच तपासणीचं पॅकेज

प्रश्न अमळनेरच्या एका ताईंचा आहे. वय २६, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. आठ महिन्यांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखरे फोड येतात, गालांवर वांग आलंय, विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो, पाळी ४०-४५ दिवसांनी येते. फोनवर एका पॅकेजची जाहिरात सारखी दिसते: त्वचेसाठी हार्मोन आणि व्हिटॅमिनच्या ३० तपासण्या. घरी येऊन रक्त नेतील, नाहीतर किट पाठवतील आणि बोटाचं रक्त नि लाळ आपणच कुरियरने पाठवायची. आई म्हणते अंगात उष्णता झाली, सब्जा खा. पॅकेज घ्यावं का?

ताई, घरी येऊन रक्त न्यायला माझी काहीच हरकत नाही. जळगावला माझ्या दवाखान्यात चोपड्याहून, रावेरहून, पार पारोळ्याकडून माणसं येतात. एका सुईसाठी त्यांचा दिवस आणि रोजंदारी बुडावी असं मला कधीच वाटलं नाही. रक्त शिरेतून काढलं, योग्य नळीत भरलं आणि वेळेत लॅबला पोचलं, तर ते तुमच्या ओसरीवर काढलं की लॅबच्या खुर्चीत, याने यंत्राला फरक पडत नाही. माझी अडचण आहे ती ३० या आकड्याशी. तुम्हाला लागतील आठ-नऊ तपासण्या, आणि त्यातल्या काही पाळीच्या ठरावीक दिवसांतच करायच्या. शिवाय सुई टोचून घेण्याआधी एक बिनपैशाचं काम आहे. ते पुढे सांगतो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोटाळे तिथंच सापडतात.

आधी ३० चा हिशेब. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती बऱ्याच तपासण्यांसाठी निरोगी माणसांच्या आकड्यांवरून ठरवतात आणि दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के लोक बाहेर सोडतात. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायची शक्यता २० त १ आहेच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर निदान एक तरी ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. ३० केल्या तर जवळपास ७९. असा एक ठळक आकडा घेऊन माणूस रात्रभर फोनवर वाचत बसतो आणि सकाळी माझ्यासमोर रिपोर्टची फाइल ठेवतो. फोड दाखवायचे राहूनच जातात, मला सांगावं लागतं की मास्क काढा.

त्वचा स्वतः किती सांगते त्याचं एक उदाहरण देतो. गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडची एक बाई आली. घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. "मन्हा हात देखा ना साहेब, काय व्हई गयं," म्हणत तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या पेरांवर, नेमक्या सांध्यांवर, चुलीतला कोळसा पुसावा तसा काळा रंग. हात उलटे केले तर तळव्यांच्या रेषाही काळपट. वर्षभर ती गोरं करणारं क्रीम हातांना चोळत होती. मी जीभ बाहेर काढायला सांगितली. लाल, गुळगुळीत, वरचा खरखरीतपणाच गेलेला. भाजीचं तिखट सोसतं का विचारलं, तर म्हणाली सहा महिन्यांपासून ती भाजी धुऊन खाते. शेवभाजीच्या मुलखात कोणी भाजी धुऊन खायला लागलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. पायांना मुंग्या येतात का? येतात, आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

मी दोनच तपासण्या लिहिल्या, हिमोग्राम आणि बी१२. तांबड्या पेशी फुगलेल्या, बी१२ शंभराच्याही खाली. इंजेक्शनं सुरू केली. जीभ पंधरा दिवसांत सुधारली, पेरांचा रंग निवळायला चार महिने लागले. क्रीम मात्र मी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं.

बी१२ वनस्पतीत नसतं. आपल्या भागात केळीला कोणी नावं ठेवत नाही आणि मीही ठेवणार नाही, पण केळ्यात ते नाही, कळण्याच्या भाकरीत नाही, भरितातही नाही. दूध, दही, ताक यांत थोडं, अंडी-मांस-मासळीत भरपूर. म्हणून शाकाहारी घरातल्या माणसाची बी१२ तपासणी मला पटते. साधारण २०० च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० चा पट्टा धूसर आहे, तिथे लक्षणं बघायची आणि गरज पडली तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमेलोनिक ॲसिड तपासायचं. एक सावधगिरी मात्र हवी. नुकतंच इंजेक्शन घेतलं असेल किंवा रोज मल्टिव्हिटॅमिन चालू असेल, तर आकडा वर दिसतो आणि त्यावरून मूळची स्थिती कळत नाही. दुसरी गोष्ट तुमच्यासारख्यांच्या कामाची: बी१२ चा जादा मारा झाला की काहींच्या चेहऱ्यावर मुरमांसारखेच फोड उठतात. अशक्तपणासाठी म्हणून गावात कोणी लाल इंजेक्शनं दिली असतील आणि फोड त्यानंतर सुरू झाले असतील, तर हार्मोनकडे बोट दाखवण्याआधी ती तारीख आठवा.

आता ते बिनपैशाचं काम. घरातलं कपाट, पर्स आणि फ्रिजचं दार उघडा. गेल्या तीन महिन्यांत जे पोटात गेलं आणि जे तोंडाला लागलं, ते सगळं एका कागदावर लिहा. तुमचा केस गळतीचा उल्लेख वाचला तेव्हाच मला शंका आली की त्या यादीत 'हेअर, स्किन, नेल' लिहिलेली एखादी डबी असणार.

त्या डब्यांत बहुधा बायोटिन असतं, ५ किंवा १० मिलिग्रॅम. रोजची गरज आहे ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे १० मिलिग्रॅमची गोळी गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. शरीराला त्याने सहसा अपाय होत नाही, जादाचं लघवीतून निघून जातं. पण लॅबमधल्या यंत्राची ते फसगत करतं. थायरॉइड आणि इतर कितीतरी हार्मोन मोजणाऱ्या अनेक पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन या दोन पदार्थांची घट्ट पकड वापरलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन तुडुंब असलं की ते ती पकड आधीच अडवून बसतं. मग एका प्रकारच्या तपासणीत आकडा खोटा कमी येतो, दुसऱ्या प्रकारात खोटा जास्त. थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, टीएसएच, पहिल्या प्रकारात मोडतं; थायरॉइड स्वतः बनवतं ती हार्मोन, फ्री टी३ आणि फ्री टी४, दुसऱ्यात. परिणाम काय, तर टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी३-टी४ चढलेले, अगदी थायरॉइड भडकल्याचं चित्र.

भुसावळच्या एका शिक्षिकेचं हेच झालं. घरपोच पॅकेजमध्ये टीएसएच ०.०४ आलं आणि कोणीतरी फोनवरच थायरॉइड दाबणारं औषध लिहून दिलं. बाई माझ्याकडे केसांसाठी आल्या होत्या. नाडी ७६, हात थरथरत नाहीत, वजन उलट दोन किलो वाढलेलं. आकडा आणि माणूस जुळत नव्हते. पर्समधून डबी निघाली, बायोटिन १० मिलिग्रॅम, पाच महिने रोज. गोळी आठवडाभर बंद ठेवली आणि त्याच लॅबला पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.१. अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, या गोंधळाबद्दल २०१७ मध्येच जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची तपासणीही यामुळे खोटी कमी येऊ शकते, म्हणून विषय फक्त केसांपुरता राहत नाही. काही कंपन्यांनी आता पद्धत सुधारली आहे, पण तुमचं रक्त कोणत्या यंत्रावर चढणार हे तुम्हाला माहीत नसतं. जादा डोसचं बायोटिन तपासणीआधी निदान तीन दिवस बंद ठेवायचं. मी आठवडाभर सांगतो, म्हणजे वादच नको.

यादीत दुसरं नाव ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं असेल. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, घराघरांत असते. पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोलच्या जोडीला तिच्यात बऱ्याचदा डोमपेरिडोन असतं, आणि डोमपेरिडोनने प्रोलॅक्टिन, म्हणजे मेंदूतल्या ग्रंथीतून येणारं दूध आणणारं हार्मोन, वाढतं. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते. रिपोर्ट बघून मेंदूच्या एमआरआयपर्यंत गेलेल्या मुली मी पाहिल्यात. कॅप्सूल सोडल्यावर आकडा खाली आला. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, ती मात्र स्वतःहून बंद करायची नाहीत. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ ही कमी होतं, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने तेच होतं.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर पुरुषी हार्मोनच्या तपासणीला अर्थ उरत नाही. गोळीने टेस्टोस्टेरॉन दबतं आणि त्याला बांधून ठेवणारं प्रथिन, एसएचबीजी, वाढतं. तपासायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून, दुसरी सोय करून, तीन महिने आधी थांबावं लागतं.

आणि वांगाची ट्यूब. मेडिकलवर 'वांगासाठी काहीतरी द्या' म्हटलं की जी मिळते, तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड असतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरलं तर ते चांगलं औषध आहे. वर्षभर पावडरीसारखं लावलं तर चेहरा लाल होतो, उन्हात भाजतो, बारीक लव वाढते आणि एकाच मापाचे फोड उठतात. ट्यूब सोडली की चौथ्या दिवशी आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. त्वचेला लावायची स्टेरॉइडं २०१८ मध्ये शेड्यूल एच मध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. चिठ्ठी कोण मागतं ते तुम्हीही जाणता. असा बिघडलेला चेहरा कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. ३० काय, ३०० तपासण्या केल्या तरी कारण त्यांत सापडणार नाही आणि फोड तसेच राहतील.

आता हार्मोन. जाहिरातीत 'हार्मोन बॅलन्स' म्हणतात, जणू सोनाराचा तराजू आहे. बाईच्या शरीरात हे आकडे रोज बदलतात आणि बदलायलाच हवेत. मुरमं असलेल्या बहुतेक बायकांचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल येतं, कारण त्यांच्या तेलग्रंथीच त्या हार्मोनला जास्त दाद देतात. म्हणून नुसती मुरमं असतील, पाळी वेळेवर असेल, हनुवटीवर राठ केस नसतील, तर मी हार्मोन तपासतच नाही. सरळ उपचार करतो.

तुमचं तसं नाही. ३५ दिवसांपेक्षा लांबणारी पाळी आणि जबड्यावरचे फोड एकत्र आले की पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याच्या हार्मोनच्या बिघाडाचा, विचार करावाच लागतो. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफीत अंडाशयात भरपूर बारीक पुटिका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात प्रौढ बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच हा रक्ताचा आकडाही चालतो असं आलं आहे. पण थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात दोष, ज्यासाठी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन बघतात, हे आधी बाजूला काढावे लागतात. एलएच आणि एफएसएच या पाळी चालवणाऱ्या दोन हार्मोनचं गुणोत्तर अजून पुष्कळ रिपोर्टांवर ठळक छापतात. निदानाच्या निकषांत ते नाही.

तारखेचं महत्त्व इथं येतं. टेस्टोस्टेरॉन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी. पाळी सुरू झालेला दिवस पहिला धरायचा. पॅकेजवाला मुलगा मात्र तुम्ही बुक केलेल्या दिवशी येतो. पॅकेजात बीज बाहेर पडल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉनही असतं आणि 'एकविसाव्या दिवशी द्या' अशी सूचना. ही सूचना २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. प्रोजेस्टेरॉन बघायचं असतं ते पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी. तुमची पाळी ४५ दिवसांची. एकविसाव्या दिवशी तुमच्यात बीज बाहेरही पडलेलं नसेल. आकडा कमी येणारच, आणि मग 'प्रोजेस्टेरॉन कमी आहे' म्हणून कोणीतरी गोळ्या विकणार.

बायकांचं टेस्टोस्टेरॉन मुळातच इतकं थोडं असतं की साध्या यंत्रांवर ते नीट मोजलं जात नाही. रिपोर्टवर तपासणीच्या नावाखाली पद्धत लिहिलेली असते. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ओळखणारी जास्त अचूक पद्धत, असेल तर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगतो: तीन-चार महिन्यांत चेहऱ्यावर झपाट्याने राठ केस, आवाज घोगरा, पुढचे केस विरळ, असं काही होत असेल तर पॅकेजची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ क्वचित असते, पण ती अशीच बोलते.

कॉर्टिसॉल, ज्याला जाहिरातीत 'स्ट्रेस हार्मोन' म्हणतात, ते फोडांसाठी तपासायची गरज नाही. ताण तुम्हाला आहेच, तो मोजून कमी होत नाही. रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल ही कुशिंग नावाच्या आजारासाठी खरी तपासणी आहे, पण तो आजार दिसायला वेगळा: चेहरा गोल, मांडी-दंड बारीक, पोटावर जांभळे रुंद पट्टे. लाळेतलं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन मोजून मी आजवर एकही निर्णय घेतलेला नाही.

मग किट की घरी येणारा माणूस? माणूस. बोटातून चार-पाच थेंब काढताना रक्त येईना की आपण बोट पिळतो. पिळलं की ऊतींतलं पाणी मिसळतं, पेशी फुटतात. मधुमेहाच्या रोजच्या ग्लुकोमीटरला एक थेंब पुरतो, म्हणून तिथं हे चालून जातं. हार्मोनच्या बारीक आकड्यांना चालत नाही. घरीच रंग बदलणाऱ्या पट्ट्या, टीएसएचच्या किंवा व्हिटॅमिन डीच्या, फार तर 'कमी-जास्त' एवढंच सांगतात. त्यावर औषध ठरत नाही.

घरी येणाऱ्या माणसाचंही मी एक बघतो, ते म्हणजे महिना. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ ला टेकतो. दोन वर्षांपूर्वी चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा रिपोर्ट माझ्याकडे आला: साखर ५२, पोटॅशियम ६.९. इतक्या पोटॅशियमने माणूस अतिदक्षता विभागात असायला हवा, आणि हे गृहस्थ समोर बसून ताक पीत होते. विचारपूस केली. रक्त सकाळी साडेसातला घेतलं, नंतर तो मुलगा आणखी नऊ घरं फिरला, नळ्या गाडीच्या डिक्कीत, दीड वाजता सेंटरवर पोचला. नळीतल्या पेशी जिवंत असतात, साखर खात राहतात. तासाला ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हात आणखी भराभर. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. माणूस धडधाकट, रक्त तेवढं डिक्कीत शिजलेलं.

म्हणून मुलगा आला की चहा देण्याआधी त्याची पेटी बघा. आत बर्फाच्या गार पिशव्या हव्यात, नळ्या त्यांना थेट चिकटलेल्या नकोत. साखरेची नळी करड्या झाकणाची, हिमोग्रामची जांभळ्या. नळीवर तुमचं नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहायला लावा. तुमचं घर त्याच्या फेरीत शेवटचं ठेवायला सांगा, आणि इथून लॅबला जायला किती वेळ, सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून पेशी वेगळ्या काढणारं यंत्र, गावातच आहे की थेट मुंबईला पाठवणार, तेही विचारा. पेशी वेगळ्या काढून पाठवलेला सीरम प्रवास सोसतो. कच्चं रक्त सोसत नाही. रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे लॅबच्या दर्जाला मिळणाऱ्या मान्यतेचं, चिन्ह असेल तर बरं, पण ते चिन्ह प्रत्येक तपासणीला लागू असतंच असं नाही. तुमची तपासणी त्या यादीत आहे का ते विचारता येतं. पुन्हा तपासायची वेळ आली तर लॅब बदलू नका.

व्हिटॅमिन डीचा प्रश्न मला रोज पडतो, म्हणजे विचारणारे रोज भेटतात: "साहेब, जळगावच्या उन्हात डी कमी कसं?" स्कूटीवरच्या मुली बघा, डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, हातात कोपरापर्यंत मोजे. शेतात राबणाऱ्या बाईचंही डोकं-हात झाकलेले. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात डी बनवणारे किरण नसतात, आणि सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो. तपासायचं तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासायचं; १,२५ नावाची दुसरी तपासणी किडनीच्या रुग्णांसाठी आहे, पॅकेजात ती दिसली तर पैसे वाया. २० च्या खाली कमतरता. पण २०२४ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनात धडधाकट प्रौढांची डी तपासणी सरसकट करू नये असंच म्हटलं आहे, आणि डी भरून काढल्याने मुरमं जातात असं मी पाहिलेलं नाही. हाडं दुखत असतील तर गोष्ट वेगळी. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. रोज एक घेऊन उलट्या, बद्धकोष्ठता आणि रक्तात कॅल्शियम वाढलेले रुग्ण दरवर्षी एक-दोन तरी येतात. आणि वांग असताना डीसाठी तोंड उन्हात धरू नका, हात-पाय धरा.

बाकीचं झटपट. रक्तातलं झिंक शरीरातला साठा नीट दाखवत नाही. केसांतले खनिज मोजणं आणि 'फूड इन्टॉलरन्स'चं आयजीजी पॅनेल, दोन्हींवर पैसे घालू नका. लहान मुलांच्या गालावरच्या फिकट पांढऱ्या डागांना कॅल्शियम कमी म्हणतात, ती कोरडी त्वचा असते. खोबरेल तेल लावा. खरं कोड असेल तर मात्र टीएसएच करून घ्यावं, कोड आणि थायरॉइडचा आजार जोडीने येऊ शकतात. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा थर असेल तर तो घासून जात नाही, ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. तिथं साखर तपासायची. इन्सुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो, त्याच्या नादी लागू नका. आणि नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या मंडळींसाठी एक सूचना: घरात सिकलसेल असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, खोटं कमी येऊ शकतं, साखर थेट मोजा. रक्तात लोह कमी असलं की तेच एचबीए१सी उलट थोडं जास्त येतं.

केसांसाठी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, चांगली आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. ३० च्या खाली गेलं की मी लोह देतो. सर्दी-ताप असताना मात्र फेरिटिन खोटं वर चढतं, म्हणून बरं झाल्यावर दोन आठवड्यांनी द्या.

तर तुमचं असं करू. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर आधी घरी लघवीची तपासणी करा. पाळी लांबण्याचं ते सगळ्यात साधं कारण, आणि पॅकेजात नेमकी तीच तपासणी नसते. पुढची पाळी आली की दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, उपाशीपोटी रक्त द्या: टीएसएच, प्रोलॅक्टिन, टोटल टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, हिमोग्राम, फेरिटिन, आणि शाकाहारी असाल तर बी१२. उठल्या उठल्या सुई नको, प्रोलॅक्टिन झोपेने वाढलेलं असतं. तासभर घरात वावरा, मग द्या. साखर बघायची ती ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. त्यासाठी माणूस दोनदा यावा लागतो, म्हणून त्या दिवशी लॅबलाच गेलेलं सोपं. सोनोग्राफी लागेल की नाही ते हे आकडे आल्यावर ठरवू. एकाच दिवशी सगळं आटपलं नाही तरी चालेल, या तारखा चुकवू नका.

तोवर फोडांचे उपचार थांबवायचं कारण नाही. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, रात्री मटरच्या दाण्याएवढं ॲडापलीन. मूल हवं असेल तर ॲडापलीन नको. वांगासाठी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, कारण वांग नुसत्या उन्हाने नाही, उजेडानेही गडद होतं. हार्मोन नॉर्मल आले म्हणून वांग खोटं ठरत नाही. घराण्यात असतं, गरोदरपणात येतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतं. आईंना सांगा, सब्जा चालू ठेवायला माझी ना नाही, उन्हाळ्यात मीही घेतो.

आणि दवाखान्यात याल तेव्हा रिपोर्टच्या आधी ती कपाटातली पिशवी टेबलावर ठेवा. ट्यूबा, डब्या, पाकिटं सगळी आणा, रिकामी असली तरी. नाव वाचता येत नसलेली ट्यूब तर हमखास आणा.